महाविद्यालयात शिकवताना प्राध्यापकाने ‘सच्चे’ असणे म्हणजे नेमके काय?

खासगी आयुष्यातील किस्से सांगणे किंवा विद्यार्थ्यांशी मित्रासारखे वागणे म्हणजे सच्चेपणा, असा समज सर्रास आढळतो. माझ्या मते तो चुकीचा आहे. मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी शिक्षकाच्या गुणांमध्ये सच्चेपणाला अग्रस्थान दिले, पण त्यांच्या लेखी त्याचा अर्थ भूमिकेचा मुखवटा न चढवता माणूस म्हणून समोर येणे असा होता. वर्गात त्याची परीक्षा अगदी लहान प्रसंगी होते. समजा, फळ्यावर सिद्धता मांडताना चौथ्या ओळीत चिन्ह चुकले आणि मागच्या बाकावरून कोणीतरी ते दाखवून दिले. अशा वेळी ‘तुमचे लक्ष आहे का, ते पाहत होतो’ अशी सारवासारव करणारा प्राध्यापक (हे वाक्य आपण सर्वांनीच कधी ना कधी ऐकलेले असते) विश्वास गमावतो, तर ‘चुकलेच माझे’ म्हणून ती ओळ पुसून, आपण नेमके कुठे घसरलो हे उलगडून दाखवणारा तो कमावतो. याखेरीज बोलणे आणि गुण देणे यांत मेळ हवा. ‘स्वतंत्र विचार करा’ असे बजावून उत्तरपत्रिकेत मात्र आपल्याच टिपणांतील वाक्ये शोधली, तर विद्यार्थी पहिल्या चाचणीनंतरच काय ते ओळखतात.