छपरावरचा पाऊस वर्षभर पुरेल का?

प्रश्न : वीज आणि नळ यांच्या जोडणीविना कोरड्या प्रदेशात राहण्याचा आम्हा चौघांचा विचार आहे. विजेसाठी सौर पॅनेल बसवू. तेथे वर्षाला सरासरी ३०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि घराचे छप्पर १०० चौरस मीटरचे असेल. पिण्यापासून भाजीपाल्यापर्यंतची गरज त्यावर भागेल, की बोअरवेल घ्यावीच लागेल?

उत्तर : एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते. त्या हिशेबाने आपल्या छपरावर ३०,००० लिटर पडेल. पण पन्हाळींतून उडणारे, वाफ होऊन जाणारे आणि पहिल्या सरींबरोबर धूळ व पक्ष्यांची विष्ठा धुऊन नेणारे पाणी वजा केले, तर टाकीत २४,००० लिटर उतरले तरी पुष्कळ झाले. म्हणजे माणशी दिवसाला जेमतेम १६ लिटर. जागतिक आरोग्य संघटनेने मूलभूत गरजांसाठी ५० ते १०० लिटर मानले आहेत. शिवाय सरासरी ही फसवी असते. कोरड्या भागात एखाद्या वर्षी निम्माच पाऊस होतो आणि घर त्याही वर्षी चालवायचे असते.

खरी अडचण मात्र भाजीपाल्याची आहे. कडक उन्हात पिकाला रोज पाच मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाणी लागते. ५० चौरस मीटरच्या परसबागेला रोज २५० लिटर, म्हणजे आपणा चौघांच्या वाट्याच्या जवळजवळ चौपट. ठिबक व आच्छादनाने वाया जाणारे पाणी वाचते, पिकाची तहान फारशी घटत नाही. म्हणून निदान सुरुवातीला भाजी विकत घ्यावी, हे माझे स्पष्ट मत आहे.

गोठा, शेड वगैरे धरून छपराचे क्षेत्र ३०० चौरस मीटरवर नेल्यास सरासरीच्या वर्षी माणशी सुमारे ५० लिटर मिळतील. आठ कोरडे महिने काढण्यासाठी मग ४८,००० लिटरची टाकी लागेल. ती बंदिस्त व अंधारी हवी, कारण उघड्या पाण्याची वाफ होते आणि उजेडात शेवाळ धरते. फ्लशऐवजी कंपोस्ट शौचालय बांधावे. अंघोळीचे पाणी फळझाडांना द्यावे.

बोअरवेलचा पंप सौर विजेवर फुकट चालतो, त्यामुळे उपशाला आवर राहत नाही. खोलवरचे पाणी मात्र कोरड्या प्रदेशात फार सावकाश भरते. घ्यायचीच असेल, तर उन्हाळ्याच्या अखेरीस सलग उपसा करून पातळी किती वेळात पूर्ववत होते ते पाहावे आणि क्षार, फ्लोराइड व आर्सेनिक यांची तपासणी झाल्यावाचून ते पाणी पिऊ नये.