सोसायटीचा डिझेल जनरेटर महिनोन्महिने बंद असतो, मग ऐन वेळी सुरूच होत नाही. काय करावं?

बहुतेकदा दोष बॅटरीचा असतो. टर्मिनलवर पांढरा-हिरवा क्षारांचा थर दिसला तर आधी तो साफ करा. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा बॅटरीचं पाणीही झपाट्याने आटतं. दर पंधरा दिवसांनी पातळी बघा.

महिन्यातून एकदा अर्धा तास चालवा, पण लोडवर, म्हणजे वीज वापरणारी उपकरणं जोडून, निदान क्षमतेच्या ३० टक्के. आमचा वॉचमन दर रविवारी पाच मिनिटं नुसता सुरू करून बंद करायचा. सायलेन्सरमधून काळं, चिकट तेल गळू लागलं तेव्हा कळलं, इंजिन पुरेसं तापतच नव्हतं, अर्धवट जळलेलं डिझेल साचत होतं.

डिझेल फिल्टरखालच्या वाटीतलं पाणी काढत जा, रेडिएटरच्या जाळीतली धूळही झटका. इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका, डिझेलही ओतू नका. चेंजओव्हर स्विच (एका वेळी बाहेरची लाइन किंवा जनरेटर यांपैकी एकच जोडणारा) नसेल तर जनरेटर लाइनला जोडूच नका, करंट उलटा जाऊन खांबावरचा लाइनमन मरू शकतो. आणि पावसाचं निमित्त करून तळघरात किंवा जिन्याखाली तर मुळीच चालवू नका, त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो.