तास नको, उचलणं मोज

प्रिय,

सोशल मीडियाची सवय सोडवायची म्हणून सगळी खाती उद्याच बंद करायची घाई नको. फेसबुक किंवा इन्स्टाग्रामचं खातं डिलीट केलं तरी 30 दिवस ते परत मिळवता येतं, आणि पहिल्या कंटाळवाण्या संध्याकाळी नेमकं तेच आठवतं. आधी आठवडाभर काहीही न बदलता नुसतं मोज.

हे मोजमाप फोनच्या सेटिंगमध्येच असतं: आयफोनवर ‘स्क्रीन टाइम’, अँड्रॉइडवर ‘डिजिटल वेलबीइंग’. तासांचा आकडा बघून फक्त अपराधी वाटतं, त्याचा उपयोग काही नाही. फोन दिवसात कितीदा उचलला आणि उचलल्याबरोबर पहिलं कोणतं अ‍ॅप उघडलं, ते बघ. आयफोन ही दुसरी गोष्टही दाखवतो. सवय सुरू होते ती त्या पहिल्या स्पर्शाला. पुढचा तासभर म्हणजे नुसती घसरण.

घसरण का, तेही सांगायला हवं. दाणा नक्की कधी पडेल हे कळत नसेल तर कबुतर चोच मारायचं थांबत नाही, हे स्किनर या मानसशास्त्रज्ञाने प्रयोगांतून दाखवलं. फीड खाली ओढून ताजं करताना तेच चाललेलं असतं: बहुतेक वेळा फुसकं, मधेच एखादं मस्त. त्यात 2006 मध्ये एझा रास्किन या डिझायनरने न संपणारं स्क्रोल आणलं (पुढे त्याला त्याचा पश्चात्तापही झाला) आणि पान संपल्यावर मिळणारा ‘आता पुरे’चा क्षणच गेला. 2009 मध्ये फेसबुकवर लाइकचं बटण आलं, मग आपण टाकलेलंही पुन्हापुन्हा तपासणं आलं. एवढ्या यंत्रणेपुढे निव्वळ निर्धार तोकडा पडतो. म्हणून निर्धारावर विसंबू नकोस, वाटेत अडथळे घाल.

खातं राहू दे, अ‍ॅप फोनवरून काढ. ब्राउझरमधून वापर, पासवर्ड सेव्ह करू नकोस, काम झालं की दर वेळी लॉग आउट. पासवर्ड टाइप करायला जातात ती वीस-तीस सेकंदं बऱ्याचदा पुरतात. तेवढ्यात ‘मी हे का उघडतेय?’ किंवा ‘उघडतोय?’ हा प्रश्न पडून जातो. नोटिफिकेशन माणसाने थेट पाठवलेल्या निरोपांचीच ठेव. ‘अमुकने फोटो टाकला’, ‘तुम्हाला हे आवडेल’ ही सगळी बंद.

अ‍ॅपवर रोजची वेळमर्यादा लावणं हा सगळ्यांचा आवडता उपाय, आणि सगळ्यात लवकर फसणाराही. मर्यादा संपल्यावर आयफोनवर ‘आजपुरतं दुर्लक्ष करा’ असं बटण येतं आणि चार दिवसांत अंगठा ते न वाचताच दाबायला शिकतो. लावायचीच असेल तर तिचा कोड घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी टाकायला सांग. स्क्रीन कृष्णधवल करूनही बघ. मात्र डोळा सरावला की तिचा जोर ओसरतो.

रात्री फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला. गजराची सबब येणारच, तेव्हा गजराचं साधं घड्याळ घे.

पहिले काही दिवस हात आपोआप खिशाकडे जाईल, फोन थरथरल्याचा भासही होईल. एखाद्या दिवशी दोन तास गेले तर ‘सगळं फुकट’ म्हणून अ‍ॅप परत टाकू नकोस. किती वाजता आणि कशानंतर हात गेला, एवढं टिपून ठेव. बहुधा एकच वेळ सारखी सापडेल. रांगेत, जेवणानंतर, अभ्यास अडला की. तेवढ्या वेळेपुरता फोन हाताच्या अंतराबाहेर ठेव.

आठवड्याचे आकडे कागदावर लिहून पाठव. तासांचे नकोत.