पाय सुजले म्हणजे किडनी गेली का?

बीपीच्या आणि मधुमेहाच्या रुग्णांशी बोलताना हा प्रश्न मला सतत ऐकू येतो. विचारणाऱ्याने बहुतेक वेळा तपासणी केलेलीच नसते, कारण उत्तराचीच भीती बसलेली असते. सांगली जिल्ह्यातल्या एका मावशींची गोष्ट म्हणूनच इथे सांगते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मावशी साठीच्या जवळ आलेल्या. खानावळीसाठी चपात्या लाटायचं काम, पहाटेपासून दुपारपर्यंत उभ्यानं. डॉक्टरांनी दिलेला रक्त-लघवीच्या तपासणीचा कागद त्यांनी देव्हाऱ्यात पोथीखाली ठेवून दिला होता. तो सुनेला सापडला आणि ती त्यांना जवळजवळ ओढूनच माझ्याकडे घेऊन आली.

"जोडवी निघंनात ओ ताई," एवढंच म्हणून मावशी गप्प बसल्या. दोन्ही घोटे भरलेले, चपलेच्या पट्ट्याचा वळ उमटलेला. अंगठी त्यांनी साबण लावून कशीबशी काढली होती. सिस्टरनी नडगीवर अंगठा दाबून धरला तर खळगा पडला आणि बराच वेळ तसाच राहिला.

मग हळूहळू खरं बाहेर आलं. त्यांचे धाकटे दीर डायलिसिसवर होते आणि त्यातच गेले. त्यांचीही सुरुवात पाय सुजण्यानंच झाली होती. आठवड्यातून दोनदा त्यांना सांगलीला नेताना घराची काय ओढाताण झाली, ती मावशींनी डोळ्यांनी पाहिली होती. त्यामुळे स्वतःचे पाय सुजताच त्यांनी मनाशी निकाल लावून टाकला. पाणी दिवसाला दोन-तीन पेल्यांवर आणलं. दिरांच्या उरलेल्या लघवीच्या गोळ्या डब्यात होत्या, त्यातली एक रोज सकाळी सुरू केली. सूज काही उतरली नाही. उलट रात्री पोटऱ्यांत वांब यायला लागले आणि उठताना अंधारी.

अशा वेळी "घाबरू नका, काही होत नाही" असं मी म्हणत नाही. तपासणीशिवाय ते कुणालाच म्हणता येत नाही आणि समोरच्या माणसालाही ते कळतं. मी दिरांबद्दलच विचारलं. साखर किती वर्षं होती? पंधरा-वीस. औषधं? मनाला येईल तेव्हा. मावशींना साखर आहे का? नाही. "मग मावशी, दिरांचा आजार दिरांचा. तुमच्या सुजेची गोष्ट वेगळी असू शकते. ती आधी मला सांगा."

सूज कशी आली हे विचारण्यात मी मुद्दाम वेळ घालवते. दोन्हीकडे आहे की एकाच पायाला? सकाळी डोळ्यांभोवती जास्त की संध्याकाळी घोट्यांवर? आडवं पडल्यावर दम लागतो का, उशा वाढवाव्या लागतात का? लघवीला न मोडणारा फेस येतो का? पोट फुगतंय, डोळे पिवळे वाटतात? थंडी सोसत नाही, आवाज जड झालाय, वजन वाढतंय? या उत्तरांवरून किडनी, हृदय, यकृत, थायरॉइड यांपैकी संशय कुठे जातो याचा डॉक्टरांना अंदाज येतो. मावशींची सूज दोन्ही पायांना, संध्याकाळी वाढणारी. दम नाही, फेस नाही.

मग मी सुनेला म्हटलं, घरात आहेत तेवढी सगळी औषधं पिशवीत घालून आण. डॉक्टरांनी दिलेली, मेडिकलमधून आणलेली, शेजारणीनं दिलेली, सगळी.

पिशवी टेबलावर रिकामी केली आणि कुठली गोळी कधी सुरू झाली ते मांडत गेलो. तारखा मावशींना आठवत नव्हत्या, सण आठवत होते. पाडव्याला बीपी निघालं, अमलोडिपिन ५ मिलीग्रॅम सुरू झाली. बेंदराच्या सुमाराला गुडघा धरला, तेव्हा मेडिकलवाल्याकडून डायक्लोफिनॅक आणली. "ती घेतली की लाटणं जमायचं बघा," म्हणून रोज दोन. ही गोळी त्यांनी डॉक्टरांना कधी सांगितलीच नव्हती. दुखण्याची गोळी, ती काय सांगायची! गणपतीत बीपी वाढलेलं निघालं, म्हणून डॉक्टरांनी अमलोडिपिन १० मिलीग्रॅम केली. दिवाळीच्या आधी जोडवी रुतायला लागली. मग दिरांची लघवीची गोळी.

एवढं मांडल्यावर सून हळूच म्हणाली, "म्हणजे गोळीमुळं गोळी वाढत गेली?"

तिचं बरोबर होतं. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या वेदनाशामक गोळ्यांमुळे किडनी मीठ आणि पाणी धरून ठेवते. अंग जड होतं, हातापायांवर सूज येऊ शकते, बीपीही चढतं. चढलेल्या बीपीसाठी अमलोडिपिन वाढवली आणि घोट्यांवर सूज आणणं हा याच औषधाचा जुना, माहीत असलेला दुष्परिणाम आहे. डोस वाढला की तो वाढतो आणि बायकांमध्ये जास्त दिसतो. डॉक्टरांनी मावशींना त्यांच्या भाषेत सांगितलं: पाटाला पाणी जास्त सोडलं आणि पुढची चारी तेवढीच राहिली तर बांध पाझरतो, तसं बारीक रक्तवाहिन्यांतून पाणी आजूबाजूला झिरपतं. अमलोडिपिनच्या या सुजेत शरीरात पाणी जास्त झालेलं नसतं, म्हणून लघवीच्या गोळीनं ती फारशी हलत नाही. त्या गोळीनं क्षार मात्र निघून जातात. मावशींचे वांब आणि अंधारी बहुधा त्यातूनच आलेली होती.

तपासणीला त्या आता तयार झाल्या, सुनेचा हात धरूनच पण स्वतःच्या पायांनी गेल्या. लघवीतलं प्रथिन, क्रिएटिनिन (किडनीचं काम मंदावलं की रक्तात वाढणारा घटक), अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन), हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉइडची तपासणी), ईसीजी. यातल्या बहुतेक तपासण्या सरकारी दवाखान्यात मोफत होतात, हेही अनेकांना माहीत नसतं. लघवीत प्रथिन नव्हतं. हृदय आणि थायरॉइड ठीक. क्रिएटिनिन मात्र थोडं चढलेलं, १.३. हे मी लपवलं नाही. वेदनाशामक गोळ्या, कमी पाणी आणि वर लघवीची गोळी, या तिघांनी मिळून किडनीवर खरोखर ताण आणला होता. ज्या आजाराच्या भीतीनं हे उपाय केले, त्याच आजाराची वाट त्या धरत होत्या, हे त्यांना सांगताना मलाही जड गेलं. पण ते वेळेत कळलं होतं.

डॉक्टरांनी डायक्लोफिनॅक आणि लघवीची गोळी थांबवली, बीपीचं औषध बदललं, गुडघ्यासाठी लागेल तेव्हा पॅरासिटामॉल आणि रोजचे व्यायाम दिले. तहानेप्रमाणे पाणी प्यायला सांगितलं. मिठाचा विषय माझ्याकडे आला. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे चहाचा सपाट चमचाभर, तेही सगळ्या पदार्थांत मिळून. मावशींच्या ताटात खारातली मिरची, लोणचं, पापड आणि वर कच्चं मीठ असे. ठेचा मी सोडायला लावला नाही, वरचं मीठ आणि पापड सोडायला लावला. लाटायला उंच स्टूल घ्यायचं ठरलं, कारण तासन् तास उभं राहिल्यानं शिरांतलं रक्त खालीच साचतं. काही आठवड्यांनी क्रिएटिनिन ०.९ वर आलं. जोडवी परत आली. संध्याकाळी थोडी सूज अजून येते, पाय उशीवर ठेवले की उतरते.

सगळ्यांची सूज मावशींसारखी नसते आणि काही सुजांत आठवडेच काय, एक रात्रही थांबायचं नसतं. एकच पाय अचानक सुजला, पोटरी दुखते, गरम लागते, विशेषतः ऑपरेशननंतर, बाळंतपणानंतर किंवा लांबच्या प्रवासानंतर, तर शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. त्याच दिवशी दवाखाना गाठा. पोटरी चोळू नका, तेल लावून तर मुळीच नाही. सुजेबरोबर दम लागत असेल, छातीत दुखत असेल तरी तसंच. गरोदरपणात घोटे थोडे सुजतात. पण पाचव्या महिन्यानंतर चेहरा आणि हात अचानक सुजले, डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे अंधुक दिसतंय, तर बीपी तातडीनं मोजलं पाहिजे. १४०/९० किंवा त्याहून जास्त निघालं तर ते बाळ-बाळंतिणीच्या जिवाशी असतं. "पोटुशीला सूज यायचीच" हे घरातल्या वडीलधाऱ्यांचं वाक्य मला फार घाबरवतं. लहान मूल सकाळी सुजलेल्या डोळ्यांनी उठलं तर त्याची लघवी तपासा.

गडचिरोली, चंद्रपूर, भंडाऱ्याकडच्या वाचकांना हत्तीपायाबद्दल सांगायला नको. तो डासांमधून पसरणाऱ्या कृमींमुळे होतो, पण आरोग्यसेविका वर्षातून गोळ्या वाटायला येतात तेव्हा "मला कुठं सूज आहे?" म्हणून त्या बाजूला ठेवल्या जातात. त्या गोळ्या सूज नसलेल्यांसाठीच जास्त कामाच्या आहेत. स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर त्या बाजूचा हात सुजतो, तेव्हा बायका महिनोन् महिने पदराखाली झाकून ठेवतात. त्यावर पट्ट्या, व्यायाम असे उपचार आहेत आणि लवकर सुरू केले तर जास्त उपयोगी पडतात. आणि फक्त बोटांचे सांधे सुजून सकाळी तासभर मूठ वळत नसेल, तर तो संधिवाताचा प्रश्न आहे, किडनीचा नाही.

हे वाचून कुणाला आपली अमलोडिपिन आजच बंद करावीशी वाटेल. करू नका. लाखो लोकांना ती सुजेशिवाय चांगली चालते आणि बीपीची गोळी मनानं सोडल्यावर पक्षाघात झालेली माणसंही आमच्याकडे येतात. घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घाला, कुठली कधीपासून घेताय ते कागदावर लिहा आणि डॉक्टरांपुढे ठेवा. काय बदलायचं ते त्यांना ठरवू द्या.