कोच निक सेबन निवृत्त झाल्यावर अमेरिकेतल्या अलाबामा विद्यापीठाच्या फुटबॉलचं (अमेरिकन फुटबॉल, आपला पायाने खेळायचा नव्हे) काय होणार? मोठा कोच निवृत्त झाला की कॉलेजचा संघ कोसळतोच का, आणि ते आधी ओळखता येतं का?

कोसळतोच असं नाही. पण लोक चुकीच्या ठिकाणी बघतात. सगळी चर्चा "नवा कोच कोण?" याभोवती फिरते. माझ्या मते खरा प्रश्न वेगळा आहे: जुन्या कोचने जमवलेली पोरं नव्या कोचच्या हातात किती दिवस राहतात? पूर्वी ही शिदोरी तीन-चार वर्षं पुरायची. आता महिन्याभरात संपू शकते. अलाबामाचं जे झालं ते यातूनच झालं.

आधी जुना हिशोब बघा. आपल्याला जवळचा खेळ म्हणून कुस्ती घेतो. आयोवा विद्यापीठात डॅन गेबल हे वस्ताद होते. २१ हंगामांत १५ राष्ट्रीय विजेतेपदं, त्यातली नऊ सलग. १९९७ साली ते थांबले आणि त्यांचाच शिष्य जिम झलेस्की गादीवर आला. १९९८, १९९९ आणि २००० अशी तिन्ही वर्षं आयोवाच जिंकलं. सगळे म्हणाले, घडी बसली. पण त्या आखाड्यात उतरणारे बहुतेक मल्ल गेबलच्या काळात आलेले होते. ते पदवी घेऊन बाहेर पडले आणि पुढची सहा विजेतेपदं मिनेसोटा आणि ओक्लाहोमा स्टेटने वाटून घेतली. २००६ मध्ये झलेस्कींच्या जागी टॉम ब्रँड्स आले, तेव्हा कुठे २००८ ला आयोवा परत वर आलं.

नॉर्थ कॅरोलायनाच्या बास्केटबॉलचं असंच. डीन स्मिथ ऑक्टोबर १९९७ मध्ये निवृत्त झाले, त्यांचे अनेक वर्षांचे सहायक बिल गथ्रिज यांनी तीन हंगामांत दोनदा संघ अंतिम चारात नेला. त्यानंतरच्या कोचच्या दुसऱ्या हंगामात, २००१-०२ ला, ८ विजय आणि २० पराभव. खुद्द अलाबामात बेअर ब्रायंट १९८२ च्या शेवटी थांबले, आणि दुसऱ्याच हंगामात, १९८४ ला, संघ ५-६ वर (५ विजय, ६ पराभव) आला. १९५७ नंतरचा तो पहिला तोट्याचा हंगाम. म्हणजे पहिलं वर्ष बघून निकाल द्यायचा नसतो, हा जुना नियम.

ही शिदोरी टिकायची कशामुळे? निष्ठा होतीच, पण नियमाचा वाटा मोठा होता. फुटबॉल किंवा बास्केटबॉलच्या खेळाडूने विद्यापीठ बदललं तर एक वर्ष बाहेर बसावं लागायचं. चार वर्षांच्या कारकिर्दीत एक वर्ष घालवणं कुणाला परवडणार? म्हणून पोरं नव्या कोचशी जुळवून घ्यायची. २०१८ मध्ये ट्रान्सफर पोर्टल आलं, म्हणजे "मी दुसरीकडे जायला तयार आहे" अशी अधिकृत नोंद. एप्रिल २०२१ मध्ये एकदा न बसता जायची मुभा मिळाली. एप्रिल २०२४ पासून, अभ्यासाच्या अटी पाळल्या तर कितीही वेळा. शिवाय मुख्य कोच गेला की त्या संघासाठी पोर्टलचं खास दार उघडायचं, तेव्हा ३० दिवस.

आता जानेवारी २०२४. १ तारखेला रोझ बोल या मोठ्या सामन्यात मिशिगनकडून जादा वेळेत २०-२७ असा पराभव. १० तारखेला सेबन यांनी निवृत्ती जाहीर केली: अलाबामात १७ हंगाम, सहा विजेतेपदं. त्याच दिवसापासून ३० दिवसांचं घड्याळ सुरू. क्रीडा संचालक ग्रेग बर्न यांनी दोन दिवसांत, १२ तारखेला, वॉशिंग्टनचे केलन डीबोर यांना आणलं. डीबोर यांचा संघ चारच दिवसांपूर्वी राष्ट्रीय अंतिम सामना खेळला होता. एवढी घाई कशासाठी हे बाहेरच्याला कळत नाही. तिथे एकेक दिवस म्हणजे एकेक खेळाडू असतो. कोच ठरलेला नसेल तर पोराच्या आईवडिलांना फोन कोण करणार, आणि कुठल्या अधिकाराने सांगणार की तुमची जागा पक्की आहे?

दोन दिवसांत कोच आणूनही गळती झालीच. केलेब डाउन्स हा सेफ्टी, पहिल्याच वर्षी संघात सर्वाधिक टॅकल करणारा (म्हणजे समोरच्याला पाडून अडवणारा), ओहायो स्टेटला गेला आणि वर्षभराने तिथे राष्ट्रीय विजेता झाला. नुकताच दाखल झालेला क्वार्टरबॅक (पास फेकणारा) ज्युलियन सेयिन तिकडेच गेला. रिसीव्हर (पास झेलणारा) आयझाया बॉन्ड टेक्ससला. आक्रमणाच्या रेषेत डाव्या टोकाला खेळणारा (लेफ्ट टॅकल) केडिन प्रॉक्टर आयोवाला गेला आणि वसंतात परत आला. सोळा वर्षांचा रिसीव्हर रायन विल्यम्स याने अलाबामाला यायचा दिलेला शब्द मागे घेतला होता. त्याला पुन्हा वळवलं, ही डीबोर यांची त्या महिन्यातली सगळ्यात मोठी कमाई. डाउन्सचं जाणं मला सगळ्यात महाग वाटतं, कारण सेफ्टी हा बचावाचा शेवटचा माणूस. पुढे कुणी चुकलं तर ती चूक तो झाकतो.

एका निवृत्तीने किती घरं हलतात तेही बघा. डीबोर गेल्यावर वॉशिंग्टनने ॲरिझोनाचा कोच घेतला, ॲरिझोनाने सॅन होजे स्टेटचा. सगळं आठवड्याभरात. १४-१ वर संपलेलं वॉशिंग्टन पुढच्या हंगामात ६-७, आणि १०-३ चं ॲरिझोना ४-८. तुमचं विद्यापीठ दुसऱ्याचा कोच उचलणार असेल तर त्याची करारमोड रक्कमही भरावी लागते. डीबोर यांच्यासाठी ती सुमारे १.२ कोटी डॉलर होती.

मैदानावर गळती कशी दिसते याचं उत्तम उदाहरण म्हणजे ५ ऑक्टोबर २०२४, नॅशव्हिल. आठवडाभर आधी अलाबामाने जॉर्जियाला ४१-३४ हरवलं होतं, विल्यम्सच्या ७५ यार्डांच्या टचडाउनवर (चेंडू समोरच्याच्या टोकापर्यंत नेऊन मिळवलेले गुण). क्रमवारीत पहिला नंबर. आणि व्हँडरबिल्टकडून ३५-४० ने हरले. व्हँडरबिल्टने चेंडू ६० पैकी ४२ मिनिटं स्वतःकडे ठेवला आणि १८ पैकी १२ थर्ड डाउन जिंकले. ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी: चार प्रयत्नांत दहा यार्ड काढायचे असतात, तिसरा प्रयत्न अडवला की समोरचा सहसा चेंडू सोडून देतो. तो बारा वेळा अडवता आला नाही. ही ताकदीची कमतरता नव्हती. बचावाची नवी पद्धत, नवे इशारे, आणि मागच्या फळीत एकमेकांबरोबर जेमतेम चार सामने खेळलेली पोरं. "हा माणूस तुझा की माझा?" हे ठरवायला अर्धा सेकंद उशीर झाला की पास पूर्ण होतो. गंमत म्हणजे व्हँडरबिल्टचा क्वार्टरबॅक डिएगो पाव्हिया स्वतः पोर्टलमधून, न्यू मेक्सिको स्टेटहून आला होता. व्हँडरबिल्टने अलाबामाला त्याआधी हरवलं होतं ते १९८४ मध्ये, ब्रायंटनंतरच्या त्याच पडत्या हंगामात.

मग तयारी कशी करावी? ड्यूक विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाने ती सगळ्यात चांगली केली असं मी म्हणेन. माइक शशेव्हस्की यांनी जून २०२१ मध्येच सांगितलं की पुढचा हंगाम शेवटचा, आणि त्याच वेळी सहायक जॉन शायर यांचं नाव जाहीर झालं. त्यामुळे शायर यांना अख्खं वर्ष मिळालं. त्या वर्षात देशातली सर्वोत्तम समजली गेलेली भरती त्यांनी स्वतःच्या शब्दावर केली. ती पोरं शायरकडेच येत होती, जुना कोच गेला म्हणून सोडून जायचं त्यांना कारणच नव्हतं. २०२२ मध्ये जनरल मॅनेजरचं पद काढून पैशाचं आणि करारांचं काम कोचच्या डोक्यावरून उतरवलं. पहिले दोन हंगाम २७-९, २७-९, तिसरा ३५-४ आणि अंतिम चार.

व्हिलानोव्हानेही घरचाच माणूस नेमला होता, हे लक्षात घ्या. जे राइट एप्रिल २०२२ मध्ये, संघ अंतिम चारात खेळून आल्यावर, अचानक थांबले आणि त्यांचे जुने सहायक काइल नेपच्यून आले. तीन हंगाम, एकदाही राष्ट्रीय स्पर्धेत प्रवेश नाही, मार्च २०२५ मध्ये त्यांना काढलं. म्हणून "घरचा की बाहेरचा" हा वाद मला फारसा पटत नाही. फरक पडला तो हाती आलेल्या वेळेमुळे. सगळ्यात वाईट वेळ व्हर्जिनियाने अनुभवली. टोनी बेनेट ऑक्टोबर २०२४ मध्ये थांबले तेव्हा हंगामाला तीन आठवडेही उरले नव्हते. हंगामी कोच नेमावा लागला आणि हिशोब १५-१७ वर गेला.

आता पैसा. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनुसार विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात. २०२५-२६ साठी कमाल मर्यादा सुमारे २.०५ कोटी डॉलर, सगळ्या खेळांना मिळून. मोठ्या फुटबॉल विद्यापीठांत यातला तीन-चतुर्थांशाच्या आसपासचा वाटा फुटबॉलला जातो. फुटबॉलची जुनी ८५ शिष्यवृत्त्यांची मर्यादा जाऊन १०५ खेळाडूंची मर्यादा आली. जुना कोच होता तेव्हा पोरं कमी पैशातही यायची, कारण त्याच्या हाताखालून थेट एनएफएलची (व्यावसायिक फुटबॉल लीगची) वाट दिसायची. सेबन यांच्या नावाची ही सवलत होती आणि ती निवृत्तीबरोबर गेली. त्याच दर्जाचा खेळाडू नव्या कोचला बाजारभावाने घ्यावा लागतो. अंदाजपत्रक करताना हे धरलं नाही तर दुसऱ्या वर्षी खड्डा पडतो.

तुमच्या विद्यापीठात हे घडत असेल तर पत्रकार परिषद सोडा, या गोष्टी बघा. आक्रमणाच्या रेषेतल्या पाच जणांपैकी किती राहिले? स्टार रिसीव्हर गेला तर दुसरा मिळतो. ती पाच जणांची जुळणी मात्र बाजारात तयार मिळत नाही. व्यायाम आणि ताकदीचे प्रशिक्षक राहिले का? जानेवारी ते ऑगस्ट पोरांबरोबर सगळ्यात जास्त वेळ तेच असतात, आणि घरात काय चाललंय हे पोरं त्यांनाच सांगतात. अलाबामाने ताकदीचे प्रशिक्षक डेव्हिड बॅलू यांना ठेवलं, डिफेन्सिव्ह लाइनचे (बचावाच्या पुढच्या फळीचे) कोच फ्रेडी रोच आणि रनिंग बॅकचे (चेंडू घेऊन धावणाऱ्यांचे) कोच रॉबर्ट गिलेस्पी यांनाही ठेवलं. हा शहाणपणा होता. भरतीच्या प्रदेशांत जुने संबंध कुणाकडे आहेत? डीबोर यांनी वॉशिंग्टनहून आपला जनरल मॅनेजर कोर्टनी मॉर्गन आणला, पण दक्षिणेतल्या शाळांच्या कोचशी ओळखी जुन्या माणसांच्याच होत्या. आणि एक तारीख लिहून ठेवा: कोच बदलल्यावरची खास मुदत आता ३० ऐवजी १५ दिवसांची आहे, ती नवा कोच नेमल्यानंतर पाच दिवसांनी सुरू होते. हे पाच दिवस नव्या कोचने प्रत्येक पोराशी समोरासमोर बोलण्यात घालवायचे. सत्कार नंतर होऊ शकतात.

जुन्या कोचने त्याच इमारतीत बसावं का, असंही विचारतात. मी म्हणेन, कार्यालय असायला हरकत नाही, पण खेळाडूंच्या तक्रारी त्याच्या दारापर्यंत जाऊ देऊ नयेत. नव्या कोचने एखाद्याला बाकावर बसवलं आणि ते पोरगं जुन्या कोचकडे जाऊन रडलं, की संघात दोन गट पडायला आठवडा पुरतो.

आता अलाबामा. २०२४ ला ९-४, राष्ट्रीय विजेता ठरवणाऱ्या बारा संघांच्या प्लेऑफमध्ये जागा नाही. २०२५ ची सुरुवात फ्लोरिडा स्टेटकडून १७-३१ ने हरून, मग जॉर्जियाला त्यांच्याच मैदानावर २४-२१, प्लेऑफच्या पहिल्या फेरीत ओक्लाहोमावर ३४-२४ असा विजय, आणि १ जानेवारी २०२६ ला रोझ बोलमध्ये इंडियानाकडून ३-३८. याला कोसळणं म्हणत नाहीत. पण वर्षानुवर्षं मनात असलेला दबदबा गेला. ज्या इंडियानाने हरवलं त्याचे कोच कर्ट सिग्नेटी २००७ ते २०१० सेबन यांच्याच हाताखाली अलाबामात भरतीचं काम बघत होते, आणि इंडियानाला येताना जेम्स मॅडिसनमधले आपले बरेच खेळाडू बरोबर घेऊन आले. जॉर्जियाचे कर्बी स्मार्ट, टेक्ससचे स्टीव्ह सार्किशियन हेही सेबन यांचे सहायक. त्यांची पद्धत आता सगळीकडे पोचली आहे, फक्त अलाबामाची राहिलेली नाही.

म्हणून डीबोर यांचा निकाल मी आज देणार नाही. सेबन यांच्या शेवटच्या भरतीतली पोरं २०२६ मध्ये तिसऱ्या वर्षात असतील, आणि तीन वर्षं झाली की चांगली पोरं एनएफएलकडे जातात. २०२७ मध्ये मैदानात उतरणारा संघ जवळपास पूर्ण डीबोर यांचा असेल. तोवर दर जानेवारीत एकच आकडा बघा: पोर्टल बंद होतं तेव्हा आदल्या हंगामात सुरुवातीच्या अकरात खेळलेले, अजून शिकायची वर्षं शिल्लक असलेले किती जण अलाबामातच थांबले.