दुरुस्त केलेल्या ओळीला यंत्राचा हात लागू नये

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. वाचनालयातल्या व्याख्यानांची रेकॉर्डिंग्ज गिटहबच्या रिपॉझिटरीत (प्रत्येक बदलाचा इतिहास ठेवणाऱ्या फोल्डरात) टाकली की गिटहब ॲक्शन्सने (गिटहबच्या आपोआप कामं करणाऱ्या सोयीने) ती व्हिस्पर या ऐकून मजकूर लिहिणाऱ्या मॉडेलच्या एपीआयकडे (प्रोग्रामसाठीच्या दाराकडे) पाठवावीत, आलेला मजकूर कमिट व्हावा (त्या इतिहासात नोंदला जावा) आणि त्यावरून वेबसाइट नव्याने बिल्ड व्हावी. अडचणी दोन: दीड तासाची फाइल पुशच होत नाही (गिटहबवर चढतच नाही), आणि छोट्या फाइलचा मजकूर कमिट होतो पण साइटचा बिल्ड सुरू होत नाही. आमच्या गावच्या व्याख्यानमालेसाठी मी हाच उद्योग केला आहे, म्हणून जरा पाल्हाळ लावतो.

बिल्डचं आधी सांगतो, कारण ते सोपं आहे. वर्कफ्लोला, म्हणजे ॲक्शन्समध्ये आखून दिलेल्या कामाला, आपोआप मिळणाऱ्या गिटहब टोकनने (परवानगीच्या किल्लीने) पुश केलं की त्या पुशमुळे दुसरा वर्कफ्लो सुरू होत नाही. हे मुद्दाम तसं ठेवलेलं आहे. नाहीतर मजकूर कमिट झाला म्हणून वर्कफ्लो चालला, त्याने पुन्हा कमिट केलं म्हणून पुन्हा चालला, असं रात्रभर गुऱ्हाळ चालू राहिलं असतं. बरेच जण इथे स्वतःचं पर्सनल टोकन लावून मोकळे होतात. बिल्ड होतो खरा, पण गुऱ्हाळाचा धोका परत येतो आणि आपल्या घराची किल्ली त्या वर्कफ्लोकडे जाते ती वेगळीच. या नियमाला दोन अपवाद आहेत, वर्कफ्लो डिस्पॅच आणि रिपॉझिटरी डिस्पॅच, म्हणजे वर्कफ्लो मुद्दाम सुरू करायच्या दोन हाका. मजकूर कमिट झाल्यावर शेवटच्या पायरीत साइटच्या वर्कफ्लोला वर्कफ्लो डिस्पॅचने हाक मारा आणि टोकनला ॲक्शन्सची राइट परमिशन द्या. काम होईल.

आता फाइल. १०० एमबीच्या वरची फाइल गिटहब घेत नाही, ५० च्या वर कुरकुर करतं. तुम्ही आता गिट (गिटहबच्या मुळाशी असलेलं, बदलांचा हिशोब ठेवणारं साधन) आणि त्याची मोठ्या फाइलींची सोय एलएफएस, तिच्याकडे वळाल, वळू नका. ऑडिओ रिपॉझिटरीत हवाच कशाला? त्याचा डिफ (दोन प्रतींतला फरक) बघता येत नाही, आणि आवाज साफ करून तीच फाइल तीनदा टाकलीत तर इतिहासात तिन्ही प्रती बसतात. ऑडिओ इंटरनेट आर्काइव्हवर किंवा एखाद्या क्लाउड स्टोरेजवर ठेवा. रिपॉझिटरीत प्रत्येक व्याख्यानाची एक छोटी फाइल असू द्या: ऑडिओचा पत्ता, वक्त्याचं नाव, तारीख, विषय. ही फाइल पुश झाली की वर्कफ्लो सुरू. तो ऑडिओ उतरवून घेईल, एफएफएमपेग या ऑडिओ बदलणाऱ्या प्रोग्रामने मोनो करून १६ किलोहर्ट्झवर आणेल आणि पुढे पाठवेल. व्हिस्पर आतमध्ये तसंही १६ किलोहर्ट्झच वापरतं, त्यामुळे तिथे नुकसान काही नाही. एपीआयला एका वेळी २५ एमबीचीच फाइल चालते. ऑडिओ ओपस या प्रकारात २४ केबीपीएसने दाबून वेबएम फाइलमध्ये ठेवला तर तासाला सुमारे ११ एमबी होतात, म्हणजे तुमचं दीड तासाचं व्याख्यान तुकडे न करता जातं. तुकडे करायची वेळ आली नाही तर बरंच, कारण वाक्य मधोमध तुटलं की दोन्ही बाजूंना काहीतरी भलतंच उमटतं. खर्चाची धास्ती नको. मार्च २०२३ मध्ये हा एपीआय आला तेव्हाच्या मिनिटाला ०.००६ डॉलर या दराने दीड तासाचे ५४ सेंट होतात.

तुम्ही न विचारलेली गोष्ट मात्र मला जास्त महत्त्वाची वाटते. हा मजकूर दुरुस्त कोण करणार, आणि त्या दुरुस्तीचं रक्षण कोण करणार?

आमच्याकडे हे काम एक निवृत्त शिक्षिका करतात. त्यांना गिट येत नाही, यायची गरजही नाही. गिटहबच्या पानावर पेन्सिलचं चिन्ह दाबतात, दुरुस्त करतात, जतन करतात. एका रविवारी मला हुक्की आली: व्हिस्परचं स्मॉल मॉडेल सोडून लार्ज लावलं आणि सगळं फोल्डर पुन्हा चालवलं. माझ्या वर्कफ्लोने इमानेइतबारे सगळ्या फाइल्सवर नवा मजकूर लिहिला. संध्याकाळी बाईंचा फोन, ‘माझे अनुस्वार कुठे गेले?’ इतिहासात सगळं होतं, एका रिव्हर्टचं (बदल मागे घेण्याचं) काम. पण तोवर त्यांनी नव्या मजकुरावर तीन व्याख्यानं पुन्हा तपासायला घेतली होती, आणि ती गुंतवळ मला ओळ-ओळ वाचून हाताने सोडवावी लागली.

तेव्हापासून दोन फोल्डर, ‘कच्चा’ आणि ‘पक्का’. यंत्र फक्त कच्च्यात लिहितं. पक्क्यात त्या नावाची फाइल दिसली की वर्कफ्लो निमूटपणे परत फिरतो. कच्च्यातून पक्क्यात जाण्याची वाट एकच, माणसाने तपासलेली पुल रिक्वेस्ट (बदल स्वीकारण्याची विनंती). साइटही पक्क्यावरूनच बनते. जुना कच्चा, दुरुस्त पक्का आणि नवा कच्चा अशा तीन प्रती घेऊन गिटकडून मर्ज (एकत्र) करून घेण्याचा शहाणपणाही मी करून पाहिला. दर दुसऱ्या ओळीला कॉन्फ्लिक्ट, कोणता बदल ठेवायचा हे गिटला ठरवता येईना. सोडून दिला.

एक वाक्य एका ओळीवर ठेवा. गिट ओळीने विचार करतं. अख्खा परिच्छेद एका ओळीत असेल तर एक वेलांटी बदलल्यावरही सगळा परिच्छेद लाल-हिरवा होतो.

एका खड्ड्यात मी अख्खा दिवस घालवला. फाइलींची नावं मराठीत ठेवली असतील तर कोणत्या फाइल बदलल्या ही यादी गिट देवनागरीत देत नाही. ‘म’च्या जागी तिरप्या रेघांसह ३४०, २४४, २५६ असे आकडे येतात, स्क्रिप्टला त्या नावाची फाइल सापडत नाही आणि लॉगमध्ये नुसतं ‘काम नाही’ असं दिसतं. गिटच्या कोअर गटात कोटपाथ नावाची सेटिंग आहे, ती फॉल्स करा.

व्हिस्परला भाषा मराठी असल्याचं स्वतःहून सांगा. मॉडेल चालवताना भाषा सांगितली नाही तर ते पहिल्या ३० सेकंदांवरून ठरवतं, आणि आपल्याकडे पहिली ३० सेकंदं म्हणजे ‘हॅलो, हॅलो, माइक चेक’ किंवा दीपप्रज्वलनाचा श्लोक. मग पुढचं सगळं हिंदीच्या वळणाने येतं. वक्त्यांची, गावांची नावं प्रॉम्प्टमध्ये (मॉडेलला सोबत द्यायच्या मजकुरात) द्या, पण त्यातले शेवटचे २२४ टोकनच (इथे टोकन म्हणजे शब्दाचे तुकडे) धरले जातात आणि देवनागरी शब्द इंग्रजीपेक्षा जास्त टोकन खातो. तेव्हा महत्त्वाची नावं शेवटी. टाळ्या, शांतता, जनरेटरची घरघर अशा जागी मॉडेल मनचंच वाक्य लिहितं किंवा एकच ओळ पुन्हा पुन्हा घोळवतं. स्वतःच्या मशीनवर फास्टर-व्हिस्पर (व्हिस्परची वेगवान आवृत्ती) चालवलंत तर त्यातला व्हीएडी फिल्टर (बोलणं नसलेल्या जागा गाळणारा) चालू ठेवा, आणि मागच्या मजकुराचा आधार घेण्याचा पर्याय बंद करा. आमचा त्रास त्याने बराच कमी झाला. (मशीन गिटहबला सेल्फ-होस्टेड रनर म्हणून, म्हणजे वर्कफ्लो त्याच्यावरच चालावेत म्हणून, जोडणार असाल तर रिपॉझिटरी खासगीच ठेवा. सार्वजनिक असेल तर कोणीही पुल रिक्वेस्ट पाठवून तुमच्या घरच्या संगणकावर हवा तो कोड चालवू शकतो.)

पुढेमागे असेंब्लीएआय किंवा डीपग्रामसारखी ऐकून मजकूर लिहिणारी सेवा घेतलीत, तर काम झाल्यावर ती वेबहुकने (आपोआप येणाऱ्या निरोपाने) कळवते. हा वेबहुक थेट गिटहबला जोडता येत नाही, कारण रिपॉझिटरी डिस्पॅचला टोकन लागतं आणि ठरावीक साच्याचा निरोप लागतो. मध्ये क्लाउडफ्लेअर वर्करसारखा एक छोटा दुभाषी बसवावा लागतो. महिन्याला चार-पाच व्याख्यानांसाठी हा सोस नको. वेळापत्रकाने चालणारा वर्कफ्लो दिवसातून एकदा ‘झालं का?’ विचारून येईल. त्यातली वेळ मुळात यूटीसीत (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेत) धरलेली असते, म्हणजे आपल्या सकाळी ६ साठी ०:३० लिहायचं. सार्वजनिक रिपॉझिटरीत ६० दिवस काही हालचाल नसेल तर गिटहब हे वेळापत्रक बंद करून टाकतं. आमची व्याख्यानमाला पावसाळ्यात बंद असते, त्यामुळे दिवाळीनंतर पहिलं काम म्हणजे जाऊन ते बटण परत चालू करणं.

सुरुवात दहा मिनिटांच्या एका तुकड्यावर करा, तोही लाउडस्पीकर खरखरणारा घ्या. त्याचा कच्चा मजकूर तपासणाऱ्या माणसाला आधी वाचायला द्या. ‘यापेक्षा मी ऐकून लिहिते’ असं उत्तर आलं तर वायएएमएल (वर्कफ्लोची फाइल) लिहिण्याआधी माइक बदला.