रिस्लिंगला रॉकेलचा वास? बाटली ओतून देऊ नका

तुमच्या भावाने फ्रान्सहून आणलेली त्रिम्बाक घराण्याची ‘क्यूव्हे फ्रेडेरिक एमिल’, साल २०१२, म्हणजे रिस्लिंग द्राक्षाची पांढरी वाईन. उघडल्यावर रॉकेलसारखा वास आला, चव झणझणीत आंबट लागली आणि तळाशी साखरेसारखे खडे दिसले, म्हणून ती बिघडली का असं विचारलंत. वरच्या प्रतिसादांत एकाने ‘ओतून टाका’ असंही सुचवलंय. कृपया तसं करू नका. या तिन्ही गोष्टी ईशान्य फ्रान्समधल्या आल्सास भागातल्या चांगल्या, मुरलेल्या रिस्लिंगमध्ये सापडतात.

आधी वासाबद्दल. रिस्लिंगच्या द्राक्षात, विशेषतः भरपूर ऊन खाल्लेल्या, जे घटक साठतात त्यांच्यापासून बाटलीत वर्षानुवर्षं हळूहळू टीडीएन नावाचं संयुग तयार होतं. रॉकेलचा भास त्याचाच. आल्सासमध्ये उन्हाला तोटा नाही, कारण वोजचे डोंगर पश्चिमेकडचा पाऊस अडवतात. बिघडलेल्या बुचाचा वास वेगळा असतो, ओल्या पुठ्ठ्याचा, कुबट, आणि त्यात फळाचा मागमूस उरत नाही. तसं काही असतं तर तुम्ही रॉकेल म्हणालाच नसतात.

खडे द्राक्षातल्या टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे आहेत, थंडीत तळाशी बसतात. निरुपद्रवी. ओतताना बाटली हलवू नका, एवढंच.

आंबटपणा मात्र मुद्दाम राखलेला आहे, आणि मला हे घराणं आवडतं ते त्यासाठीच. त्रिम्बाक १६२६पासून वाईन करतायत, तेराव्या पिढीपर्यंत मालकी घरातच. आंबट मॅलिक आम्लाचं सौम्य लॅक्टिक आम्लात रूपांतर होऊ द्यायचं नाही आणि वाईन कोरडी, म्हणजे गोडवा न उरलेली ठेवायची, ही त्यांची जुनी पद्धत. ही द्राक्षं रिबोविले गावात त्यांच्या घरामागेच चढत जाणाऱ्या गाइसबर्ग आणि ऑस्टरबर्ग या उतारांवरची. फ्रेडेरिक एमिल हे त्यांच्याच एका पूर्वजाचं नाव. १८९८ साली ब्रुसेल्सच्या प्रदर्शनात त्यांच्या वाईनला सर्वोच्च मान मिळाला होता. बाटल्या काही वर्षं तळघरात ठेवूनच बाजारात आणतात. तुम्हाला नाशिकच्या किंचित गोडसर शेनिन ब्लां या पांढऱ्या वाईनची सवय आहे, त्यामुळे पहिला घोट टोचणारच.

बाटली थेट फ्रिजमधून काढून लगेच प्यायलात असं दिसतंय. एवढ्या थंडीत सुगंध मिटून जातो आणि जिभेला फक्त आंबट कळतं. तुमची उरलेली वाईन बूच लावून फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस सहज टिकेल. प्यायच्या आधी वीसेक मिनिटं बाहेर काढा, दहा-बारा अंशांवर येऊ द्या. ग्लास मोठा घ्या, तिसरा हिस्साच भरा. पहिल्यांदा वास घेतल्यावर रॉकेल येईल. ग्लास फिरवून पाच मिनिटं थांबा. मग लिंबाची साल, पिकत आलेलं पीच, थोडा मध असं एकेक वर येतं. घोट गिळल्यावर गालांच्या आत पाणी सुटतं आणि जीभ खारट ओली राहते. ती चव किती वेळ टिकते ते बघा. माझ्या मते या वाईनचा खरा दर्जा तिथेच कळतो, नाकाला नाही.

सोबत लोणी-लिंबात परतलेलं पापलेट करा, तिखट अगदी बेताचं. मालवणी मसाला नको, त्यापुढे वाईन पातळ लागेल. त्याच घराण्याची ‘क्लो सँत ऊन’ कधी हाती आली, तर ती चवीला याहूनही कडक असते. लहान वयात उघडू नका.